संत ठरतो कसा?

२०१५ या एका वर्षात ख्रिस्ती जगात संतपदाचे निर्णय तीन वेगळ्या रीतींनी झाले. जानेवारीत कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी गोव्यातल्या बाणावलीचे जोसेफ वाझ यांना संत घोषित केले. वाझ कँडीला वारले ते १७११ साली. म्हणजे निर्णयाला तीनशे चार वर्षे लागली. फेब्रुवारीत लिबियाच्या किनाऱ्यावर २१ ख्रिस्ती मजुरांची हत्या झाली. त्यांतले वीस जण इजिप्तचे कॉप्टिक होते. कॉप्टिक चर्चचे प्रमुख पोप तावाद्रोस दुसरे यांनी काही दिवसांतच त्या सर्वांची नावे आपल्या चर्चच्या रक्तसाक्षींच्या यादीत घातली. एप्रिलमध्ये आर्मेनियन चर्चने १९१५ च्या नरसंहारातल्या बळींना एकत्रितपणे संत मानले. बळींचा आकडा पंधरा लाखांच्या घरात सांगितला जातो आणि त्यांतल्या असंख्य लोकांची नावेसुद्धा मागे उरलेली नाहीत.

एका ठिकाणी तीन शतकांची छाननी, दुसऱ्या ठिकाणी काही दिवस, तिसऱ्या ठिकाणी नावांचीही गरज नाही. मराठी वाचकाला यात सर्वांत अपरिचित वाटेल ती गोष्ट म्हणजे मुळात असा निर्णय घेतला जातो हीच. ज्ञानेश्वरांना, जनाबाईंना, सावता माळ्यांना संत कोणी ठरवले, कोणत्या सभेत, कोणत्या तारखेला, हे आपण कधी विचारत नाही. ख्रिस्ती परंपरांनी हा प्रश्न विचारला, त्याची निरनिराळी उत्तरे दिली आणि त्यावरून त्या एकमेकांपासून दुरावल्यासुद्धा. इस्लाममध्ये, बौद्धांत, जैनांत आणि आपल्या वारकरी परंपरेतही हा प्रश्न वेगळ्या वाटांनी सोडवला गेला आहे. हे सगळे एकत्र ठेवून पाहिले की एक सूत्र हाती लागते. लोकांचा होकार सगळीकडे आधी येतो. परंपरा वेगळ्या होतात त्या ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे, या मुद्द्यावर.

थडग्यापासून सुरुवात

स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले इझमिर, येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना इ.स. १५५ च्या सुमारास ठार मारण्यात आले. त्यांच्या मंडळीने या घटनेचे वर्णन करणारे जे पत्र लिहिले ते आजही उपलब्ध आहे. अस्थी गोळा करून योग्य जागी ठेवल्याचे आणि दरवर्षी त्या दिवशी तिथे जमून पॉलिकार्प यांचा ‘जन्मदिवस’ पाळणार असल्याचे त्यात सांगितले आहे. मृत्यूचा दिवस हाच स्वर्गातला जन्मदिवस, ही कल्पना तेव्हापासून ख्रिस्ती पंचांगात रुजली.

या टप्प्यावर कोणतीही कार्यपद्धती नव्हती आणि तिची गरजही नव्हती. माणूस श्रद्धेसाठी मेला हे सगळ्या गावाने पाहिलेले असे. चौथ्या शतकात छळ थांबला आणि प्रश्न अवघड झाला. रक्त न सांडताही आयुष्यभर साक्ष देणारे तपस्वी, बिशप, विधवा, भिक्षू यांचे काय? तूर शहराचे बिशप मार्टिन ३९७ मध्ये अंथरुणावर वारले, तरी त्यांच्या कबरीवर गर्दी झाली. त्यांचे संतपण एखाद्या क्षणात दिसणारे नव्हते. ते आयुष्यभराच्या वागण्यातून, आणि मृत्यूनंतर कबरीपाशी घडले असे लोक सांगत त्या चमत्कारांतून ओळखायचे होते. स्थानिक बिशप चौकशी करी, अस्थी जमिनीतून काढून वेदीखाली ठेवण्याची परवानगी देई आणि त्या धर्मप्रांतात सण सुरू होई. जवळजवळ हजार वर्षे पश्चिमेत हीच रीत होती. पूर्वेकडच्या चर्चने तिचा गाभा आजही सोडलेला नाही.

रोमने लगाम हाती घेतला

पोपने औपचारिकपणे संत घोषित केल्याचे पहिले निश्चित उदाहरण ९९३ सालचे आहे: ऑग्जबुर्गचे बिशप उलरिख. पुढे ११७० च्या सुमारास पोप अलेक्झांडर तिसरे यांनी स्वीडनच्या राजाला एक पत्र पाठवले. तिकडे दारूच्या नशेत मारल्या गेलेल्या एका माणसाला लोक संत म्हणून पुजू लागले होते. रोमच्या परवानगीवाचून असे करता येणार नाही, असे पोपनी बजावले. १२३४ मध्ये पोप ग्रेगरी नववे यांच्या कायदेसंग्रहात या पत्रातला भाग समाविष्ट झाला आणि तो सर्वांना लागू असलेला नियम ठरला. माझ्या मते या इतिहासातला हा सर्वांत बोलका प्रसंग आहे. रोमची यंत्रणा उभी राहिली ती संत घडवण्यासाठी म्हणून नव्हे, लोकांच्या उत्साहाला आवर घालण्यासाठी.

१५८८ मध्ये सिक्स्टस पाचवे यांनी धर्मविधींसाठी स्वतंत्र खाते स्थापले आणि संतपदाची प्रकरणे त्याच्याकडे दिली. उमेदवाराच्या विरुद्ध जे जे म्हणता येईल ते शोधून मांडण्याचे काम एका अधिकाऱ्याकडे आले. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘सैतानाचा वकील’ पडले. १६३४ मध्ये अर्बन आठवे यांनी आणखी कडक पाऊल उचलले. शंभर वर्षांहून जुनी उपासना असलेले संत सोडून, रोमच्या मान्यतेआधी ज्याची जाहीर उपासना झाली असेल त्याचे प्रकरणच पुढे जाणार नाही, असा दंडक त्यांनी घातला. यातून एक विलक्षण पेच तयार झाला आणि तो आजही कायम आहे. उमेदवार पवित्र असल्याची ख्याती लोकांत असलीच पाहिजे, पण त्या ख्यातीने जाहीर पूजेचे रूप घेतलेले असता कामा नये.

आजची कॅथलिक पद्धत प्रामुख्याने १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी केलेल्या नियमांवर चालते. मृत्यूनंतर किमान पाच वर्षे थांबायचे. मग स्थानिक बिशप चौकशी सुरू करतात, साक्षी घेतात, लेखन तपासतात. या पायरीवर व्यक्तीला ‘देवाचा सेवक’ म्हणतात. सर्व कागद रोमला जातात, तिथे त्यांवरून एक जाडजूड दस्तऐवज तयार होतो आणि इतिहासकार, ईशज्ञानी, कार्डिनल तो पारखतात. सद्‌गुण असामान्य पातळीचे होते असे मान्य झाले की ‘पूजनीय’. त्यानंतर त्या व्यक्तीच्या मध्यस्थीने एक चमत्कार झाल्याचे सिद्ध झाले तर ‘धन्य’, आणि धन्य झाल्यावर आणखी एक झाला तर ‘संत’. रक्तसाक्षीला पहिला चमत्कार लागत नाही. चमत्कार म्हणजे बहुतेक वेळा आजारातून बरे होणे. ते अचानक, पूर्ण, टिकाऊ आणि वैद्यकशास्त्राला न उलगडणारे असावे लागते आणि त्यासाठी डॉक्टरांचे मंडळ बसते.

‘धन्य’ आणि ‘संत’ यांतला फरक केवळ दर्जाचा नाही. धन्य व्यक्तीची उपासना एखाद्या प्रांतात किंवा संन्यासी संघात करायला परवानगी असते. संताची उपासना सर्व जगाच्या चर्चसाठी विहित होते. वसईचे गोन्सालो गार्सिया हे याचे जवळचे उदाहरण. पोर्तुगीज वडील आणि कोकणी आई यांचा हा मुलगा जपानमध्ये आधी व्यापार करत होता, मग फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. १६२७ मध्ये त्यांना धन्य घोषित केले, संत घोषित केले १८६२ मध्ये. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. जोसेफ वाझ यांची चौकशी अठराव्या शतकातच सुरू झाली होती. १९९५ मध्ये ते धन्य झाले आणि दुसऱ्या चमत्काराची अट पोप फ्रान्सिस यांनी स्वतः शिथिल केल्यावर संत. गोव्यातल्या अंजुणेचे आणि राशोलच्या सेमिनरीत वारलेले फादर आग्नेल अजून मधल्या पायरीवर आहेत. त्यांना १९८६ मध्ये पूजनीय घोषित केले. त्यांच्या नावाच्या शिक्षणसंस्थांमुळे ते मुंबईत घरोघरी माहीत आहेत, तरी चमत्काराची पायरी अजून बाकी आहे. फ्रान्सिस झेवियर यांच्यासारखी, मृत्यूनंतर सत्तर वर्षांत, १६२२ मध्ये संतपदाला पोहोचण्याची गती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

१९८३ च्या बदलांनी चमत्कारांची संख्या कमी झाली आणि विरोधी वकिलाची भूमिका बरीच सौम्य झाली. परिणाम आकड्यांत दिसतो. जॉन पॉल दुसरे यांनी ४८२ संत घोषित केले. फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये एकाच दिवशी ओत्रांतोच्या आठशेहून अधिक रक्तसाक्षींना संतपद दिले. याचे समर्थन करणारे म्हणतात की पवित्रता सर्व देशांत आणि सर्व काळांत आहे, मग यादी युरोपपुरती का राहावी? कोरिया, व्हिएतनाम, मेक्सिको, भारत येथल्या माणसांना आपल्यासारखे चेहरे वेदीवर दिसले ते या काळात. आक्षेप घेणारे विचारतात की कठोर विरोध मांडणारा माणूस उठवून लावल्यावर चाचणीला वजन काय उरले? मदर तेरेसा आणि स्वतः जॉन पॉल दुसरे यांच्यासाठी पाच वर्षांची प्रतीक्षा माफ झाली, तेव्हा हा प्रश्न तीव्र झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये माजी कार्डिनल मॅकॅरिक यांच्या बढत्यांबद्दलचा अहवाल व्हॅटिकनने प्रसिद्ध केला. त्यांच्याविरुद्धच्या लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी जॉन पॉल यांच्या काळात रोमपर्यंत पोहोचल्या होत्या हे त्यातून समोर आले आणि घाईने दिलेल्या संतपदाची किंमत काय, यावर कॅथलिकांमध्येच चर्चा झाली. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. मात्र पाच वर्षांची अट ही निव्वळ औपचारिकता नव्हती, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

रक्तसाक्षी कोणाला म्हणायचे, ही व्याख्याही हलली आहे. मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी १९४१ मध्ये ऑशविट्झच्या छावणीत एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी मरण पत्करले. त्यांना मारणाऱ्यांनी ख्रिस्ती श्रद्धेच्या द्वेषापोटी मारले का, यावर तज्ज्ञांचे एकमत होत नव्हते आणि १९७१ मध्ये त्यांना रक्तसाक्षी म्हणून धन्य केले गेले नाही. १९८२ मध्ये जॉन पॉल यांनी तज्ज्ञांचा हा मतभेद बाजूला ठेवून त्यांना रक्तसाक्षी म्हणूनच संत घोषित केले. एल साल्व्हादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो १९८० मध्ये मिस्सा अर्पण करताना गोळीने मारले गेले. मारणारेही कॅथलिकच होते, त्यामुळे हत्या श्रद्धेसाठी की राजकारणासाठी, या वादात प्रकरण वर्षानुवर्षे अडकले. संतपद मिळाले २०१८ मध्ये. २०१७ मध्ये फ्रान्सिस यांनी दुसऱ्यासाठी जीव वाहणाऱ्यांकरता एक वेगळी वाटच मान्य केली.

पूर्वेची रीत

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये संतपद देत नाहीत, गौरव प्रकट करतात, असे तिथले लोक सांगतात. गावकरी कबरीवर जातात, आठवणी लिहिल्या जातात, चित्रे निघतात आणि बऱ्याच काळानंतर त्या त्या चर्चची बिशपसभा मान्यता देते. चमत्कारांची ठराविक संख्या नाही, डॉक्टरांचे मंडळ नाही. विधीतला एक क्षण मात्र फार अर्थपूर्ण आहे. गौरवाच्या आदल्या संध्याकाळी त्या व्यक्तीच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून शेवटची प्रार्थना होते. त्यानंतर तिच्यासाठी कोणी प्रार्थना करत नाही. तिनेच आपल्यासाठी करावी, अशी विनवणी सुरू होते. प्रार्थनेची दिशा पालटणे हाच इथे निर्णय आहे.

सोपेपणा दिसतो तेवढा नाही. सरोव्हच्या सेराफिम यांचा गौरव १९०३ मध्ये ठरला तेव्हा कबर उघडल्यावर देह अविकृत न सापडता केवळ अस्थी सापडल्या. रशियातल्या अनेकांचा समज होता की संताचा देह कुजत नाही. तशी अट चर्चची कधीच नव्हती, असे चर्चच्या वरिष्ठांना जाहीर सांगावे लागले. ज्या झार निकोलस दुसरे यांनी सेराफिम यांच्या गौरवाचा आग्रह धरला होता, तेच पुढे सर्वांत वादग्रस्त प्रकरण ठरले. १९१८ मध्ये येकातेरिनबुर्गला बोल्शेविकांनी त्यांना कुटुंबासह ठार केले. परदेशातल्या रशियन चर्चने १९८१ मध्ये त्यांना रक्तसाक्षी मानले. मॉस्कोने २००० मध्ये मान्यता दिली, पण वेगळ्या वर्गात: ज्यांनी ख्रिस्ताप्रमाणे नम्रपणे दुःख सोसले असे ‘यातना सोसणारे’. १०१५ मध्ये भावाच्या माणसांकडून प्रतिकार न करता मारले गेलेले राजपुत्र बोरिस आणि ग्लेब हे या वर्गाचे मूळ नमुने. चांगला राजा होता का, या प्रश्नाला यात बगल मिळते. तो कसा मेला एवढेच पाहिले जाते. समर्थकांना ही जुन्या परंपरेची सूक्ष्म समज वाटते, टीकाकारांना राजकीय तडजोड. भारतातही पूर्वेची ही रीत जिवंत आहे. केरळातल्या परुमला येथे १९०२ मध्ये वारलेले मार ग्रेगोरिओस यांना मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चने १९४७ मध्ये संत म्हणून जाहीर केले, त्याच्या कितीतरी आधीपासून लोक त्यांच्या कबरीवर चालत जात होते.

प्रॉटेस्टंटांचा नकार आणि त्यानंतर

मार्टिन ल्यूथर यांनी १५२४ मध्ये एक कडक पुस्तिका लिहिली. निमित्त होते माइसेनचे बिशप बेनो यांना आदल्या वर्षी मिळालेले संतपद. ख्रिस्त हा एकमेव मध्यस्थ असताना मेलेल्या माणसांकडे मागणे मागायचे कशाला, हा मूळ आक्षेप. पण ल्यूथरच्या अनुयायांनी संतांना पुसून टाकले नाही. १५३० च्या ऑग्जबुर्ग कबुलीजबाबातले एकविसावे कलम संतांची आठवण श्रद्धेच्या उदाहरणासाठी ठेवावी असे सांगते. त्यांना हाक मारू नये, एवढेच. कॅल्व्हिनच्या परंपरेत सगळेच विश्वासणारे संत, त्यामुळे निवडीचा प्रश्न उद्‌भवत नाही.

अँग्लिकन चर्च मधल्या वाटेने गेले. १६४९ मध्ये शिरच्छेद झालेले राजे चार्ल्स पहिले यांचा स्मरणदिन १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाबरोबर पाळला जाऊ लागला आणि १८५९ मध्ये काढून टाकण्यात आला. कोणी काढून टाकला, हेही लक्षात घ्यायला हवे: राजसत्तेच्या कारभारातून हा निर्णय झाला. विसाव्या शतकात अँग्लिकनांनी संतपदाऐवजी स्मरणदिनांचे पंचांग वाढवले. १९९८ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेच्या पश्चिम दारावर आधुनिक काळातल्या दहा रक्तसाक्षींचे पुतळे बसवले गेले. त्यांत कॅथलिक रोमेरो आणि कोल्बे आहेत, बाप्टिस्ट मार्टिन ल्यूथर किंग आहेत, लुथेरन बॉनहॉफर आहेत.

अँग्लिकनांच्या या पंचांगात ३० एप्रिलला पंडिता रमाबाईंचे नाव आहे आणि बायबलची अनुवादिका अशी त्यांची ओळख दिली आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तिथल्या भगिनींशी अधिकाराच्या प्रश्नावर त्यांचे खटकेही उडाले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली आणि विधवांना आसरा देत, हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून त्यांनी केलेला मराठी अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. ज्या चर्चची शिस्त त्यांनी निमूटपणे मानली नाही त्याच चर्चने त्यांना आपल्या पंचांगात घेतले, याचा मला मनापासून आनंद वाटतो. इथे चमत्कार लागला नाही, अस्थी लागल्या नाहीत आणि कोणी त्यांना नवसही बोलणार नाही. हे संतपण आहे की केवळ आदर? अँग्लिकनांमध्येच याचे उत्तर एक नाही.

कबर, गुरुपरंपरा आणि संघ

इस्लाममध्ये संतपद देणारी सत्ता नाही. वली म्हणजे अल्लाचा जवळचा, आणि तो कोण हे अल्लाच जाणतो. तरी ओळखण्याच्या वाटा आहेत: गुरुशिष्यांची साखळी, चरित्रसंग्रह, कबरीवरचा उरूस. पैगंबराचा मोजिजा आणि वलीची करामत यांत जाणकारांनी स्पष्ट भेद केला. मोजिजा जाहीर असतो, करामत वलीने झाकून ठेवावी. मोतजिला विचारवंतांनी करामत मुळातच नाकारली. चौदाव्या शतकात वारलेले इब्न तैमिया यांनी वली ही कल्पना मान्य ठेवून कबरींच्या यात्रांवर मात्र टीका केली. पुढे वहाबी चळवळीने ती कृतीत आणली आणि मदिनेतल्या बकी कब्रस्तानातल्या वास्तू १९२५-२६ मध्ये जमीनदोस्त झाल्या. भारतात बरेलवी आणि देवबंदी यांच्यातल्या मतभेदांचे एक मोठे कारण हेच आहे. माहीमचे मखदूम अली माहीमी हे कुराणाचे भाष्यकार होते, आणि त्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांची चादर मानाने चढते. विद्वत्ता, लोकभक्ती आणि शासन तिन्ही एका दर्ग्यात भेटतात, पण तिघांपैकी कोणीही ‘मान्यता’ देत नाही.

ज्यूंमध्येही मध्यवर्ती निर्णय नाही. सत्पुरुषाच्या पुण्यदिनी कबरीवर जमतात. कोकणातले बेने इस्राएल संदेष्टा एलियाहूला नवस बोलतात, मलिदा करतात, आणि अलिबागजवळ त्याच्या रथाची खूण दाखवतात.

बौद्धांत गोष्ट उलट्या बाजूने सुरू होते. आपल्याला अलौकिक अवस्था लाभली असा खोटा दावा करणारा भिक्षू संघातून कायमचा बाहेर पडतो. हा चार सर्वांत गंभीर अपराधांपैकी एक. खरी प्राप्ती झाली असली तरी गृहस्थांना ती सांगण्यावर बंधन आहे. म्हणजे उमेदवाराने स्वतःबद्दल गप्प राहावे, ही अट नियमातच आहे. तिबेटी परंपरेत मात्र पुनर्जन्म घेतलेल्या लामाचा शोध घेऊन त्याला रीतसर मान्यता देतात, आणि इथे राजसत्ता थेट शिरली. १७९३ मध्ये चिंग सम्राटांनी सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढण्याची पद्धत लादली. १९९५ मध्ये दलाई लामांनी एका मुलाला पंचेन लामा म्हणून ओळखले आणि चीन सरकारने दुसऱ्यालाच गादीवर बसवले. २००७ पासून अशा प्रत्येक पुनर्जन्माला शासनाची परवानगी लागते, असा चिनी नियम आहे. जुलै २०२५ मध्ये दलाई लामांनी हा अधिकार फक्त आपल्या गादेन फोद्रांग न्यासाचा असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रातले बौद्ध डॉ. आंबेडकरांना बोधिसत्त्व म्हणून वंदन करतात, त्यामागे कोणत्याही संघाचा ठराव नाही. ती एका समाजाची कृतज्ञता आहे.

जैनांच्या दृष्टीने या काळात आपल्या भूमीवरून कोणाला मोक्ष मिळत नाही, त्यामुळे नवे सिद्ध घोषित होण्याचा प्रश्नच नाही. आदर दिला जातो तो दीक्षा, आचरण आणि शेवटी मृत्यू कसा स्वीकारला यावरून. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, तेव्हा हजारो लोक ते पाहायला जमले होते.

वारकऱ्यांचा मार्ग

मराठी संतपरंपरेत निर्णय नाही असे मी वर म्हटले, पण निकष नाहीत असे नाही. अभंग लोकांच्या तोंडी टिकला पाहिजे. इतर संतांनी आपल्या अभंगांतून नाव घेतले पाहिजे. समाधी, पुण्यतिथी, दिंडी, पालखी यांतून वार्षिक स्मरण उभे राहिले पाहिजे. आणि कोणीतरी चरित्र लिहिले पाहिजे. राहुरीजवळच्या ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ आणि १७७४ मध्ये ‘भक्तलीलामृत’ रचले. आज मराठी घरात संत म्हणून जी नावे एका दमात घेतली जातात त्यांची माळ मोठ्या प्रमाणात महिपतींनी ओवली आहे. विसाव्या शतकात तेच काम दासगणूंनी केले. शिर्डीचे साईबाबा आणि शेगावचे गजानन महाराज यांना जुन्या संतांच्या पंगतीत बसवले ते त्यांच्या ओव्यांनी. रोममध्ये जे काम खात्याकडे आहे ते इथे कवीकडे आले. आणखी एक पुरावा पंजाबात आहे. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा त्यात नामदेवांची पदे घेतली. एका धर्माने दुसऱ्या प्रांतातल्या संताला दिलेली याहून ठाम मान्यता मला माहीत नाही.

यादीच्या रचनेतला फरक मोठा आहे. कॅथलिक यादीत बिशप, धर्मगुरू, जोगिणी आणि संन्यासी संघांचे संस्थापक फार. तिथे प्रकरण शतकानुशतके चालवण्याची चिकाटी, माणसे आणि पैसा संघांकडेच असतो. लग्न झालेल्या दांपत्याला एकत्र संतपद मिळाले ते २०१५ मध्ये, लुई आणि झेली मार्तें यांना. भारतातल्या पहिल्या गृहस्थ संताला, देवसहायम पिल्लै यांना, २०२२ मध्ये. इकडे वारकऱ्यांचे गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, सोयराबाई, बहिणाबाई हे बहुतेक सगळे संसारी आणि कष्टकरी.

पण ‘नाही’ म्हणणारी अधिकृत सत्ता नसली तरी नकार असतोच. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्याची कथा परंपरेनेच जपली आहे. चोखोबांचे उदाहरण त्याहून जड आहे. मंगळवेढ्याला भिंत कोसळून ते गेले, नामदेवांनी अस्थी आणून पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी दिली अशी परंपरा आहे. शतकानुशतके वारकऱ्यांनी त्यांना संत म्हणून नमस्कार केला आणि त्याच शतकांत त्यांच्या जातीच्या माणसाला देवळाची पायरी ओलांडू दिली नाही. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणानंतर दार उघडले. संत म्हणून मान्यता मिळाली म्हणजे त्या संताच्या माणसांना न्याय मिळतोच असे नाही, हे यातून जितके स्पष्ट दिसते तितके कुठल्याही चर्चच्या इतिहासात मला दिसलेले नाही.

आधुनिक महाराष्ट्रात शासनही या प्रक्रियेत आले आहे. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांची नावे विद्यापीठांना दिली गेली, ग्रामस्वच्छता अभियानाला गाडगेबाबांचे नाव मिळाले. आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराच्या नावाखाली फसवणूक करणाऱ्याला शिक्षा करतो, पण दिवंगत संतांच्या चमत्कारकथा सांगण्या-छापण्याला कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवतो. मृत आणि जिवंत यांच्यात विधिमंडळाने ओढलेली ही रेषा रोमच्या पाच वर्षांच्या प्रतीक्षेशी नाते सांगते, असे मला वाटते. हिंदू धर्मपीठांकडूनही अधूनमधून निवाडे येतात. २०१४ मध्ये छत्तीसगडातल्या कवर्धा येथील धर्मसंसदेने साईपूजेविरुद्ध ठराव केला. २०१७ मध्ये आखाडा परिषदेने खोट्या बाबांची यादी काढली. शिर्डीच्या रांगेवर ठरावाचा परिणाम झाला नाही. ‘नाही’ म्हणायला कोणी पुढे आले तरी ऐकण्याचे बंधन कोणावर नसते, हे इथले वास्तव आहे.

न सुटलेले प्रश्न

चमत्काराचा पुरावा हा पहिला. मदर तेरेसांच्या बाबतीत पश्चिम बंगालमधल्या एका महिलेचे बरे होणे चमत्कार म्हणून स्वीकारले गेले. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते औषधांचे फळ असल्याचे सांगितले. शास्त्राला आज न उलगडलेले उद्या उलगडू शकते, मग त्यावर कायमचा निर्णय कसा उभा करायचा, असे कॅथलिक विचारवंतही विचारतात. त्याला मिळणारे उत्तर असे की चमत्काराची अट काढली तर निवड केवळ माणसांच्या मताची उरेल. ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन या अटीशिवाय चालतात, त्यामुळे तुलना शक्य आहे, पण ती पद्धतशीरपणे कोणी केलेली दिसत नाही.

दुसरा प्रश्न निर्णय मागे घेण्याचा. १९६९ मध्ये रोमने सर्वसाधारण पंचांगातून संत ख्रिस्तोफर यांचा सण काढला, पण संतपद काढले नाही. संतपदाची घोषणा अचूकच असते का, यावर ईशज्ञानी दोन मतांचे आहेत. कॅलिफोर्नियाचे मिशनरी हुनिपेरो सेर्रा यांना २०१५ मध्ये संतपद मिळाले. मूळ रहिवाशांच्या अनेक वंशजांनी त्याला तीव्र विरोध केला आणि पुढे काही पुतळे पाडले गेले. ज्यांच्या पूर्वजांनी त्या मिशनांत सोसले त्यांचा ‘नाही’ ऐकायला कार्यपद्धतीत जागा कुठे आहे, हा प्रश्न चोखोबांच्या प्रश्नाइतकाच खरा आहे.

तिसरा, परस्परांच्या संतांना मानण्याचा. आणि हालचाल आहे ती इथेच. एप्रिल २०१५ मध्ये रोमने आर्मेनियन भिक्षू नारेकचे ग्रेगरी यांना सार्वत्रिक चर्चचे आचार्य म्हटले. मे २०२३ मध्ये फ्रान्सिस यांनी लिबियातल्या त्या २१ जणांना रोमन रक्तसाक्षींच्या नोंदीत घेतले. चौकशी नाही, चमत्कार नाही. दुसऱ्या चर्चचा शब्द पुरेसा मानला. त्याच वर्षी व्हॅटिकनने नव्या शतकातल्या ख्रिस्ती बळींची नोंद करण्यासाठी एक आयोग नेमला. सप्टेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी या आयोगाने नोंदलेल्या १,६०० हून अधिक जणांचे रोममध्ये स्मरण केले. त्यांत कॅथलिक आहेत, ऑर्थोडॉक्स आहेत, पेंटेकोस्टलही आहेत. ही यादी म्हणजे संतपद नव्हे, असे आयोगाने स्पष्ट केले आहे. ज्यांच्या चर्चमध्ये संतांना हाक मारण्याची रीतच नाही, अशांच्या मध्यस्थीसाठी कॅथलिक मंडळीने प्रार्थना करावी की नुसते नाव वाचून दिवा लावावा, यावर अजून काहीही ठरलेले नाही.